टवका

एनॅमलच्या थाळीचा टवका कधी जवळून पाहिला आहे? पांढरी थाळी, निळी कड आणि त्या कडेपाशी कधीतरी मोरीत आपटून उडालेला नखाएवढा तुकडा. टवक्याच्या बाहेरच्या बाजूला पांढऱ्या काचेचा बारीक कंगोरा दिसतो, त्याच्या आत काळपट निळा पट्टा आणि मधोमध तांबूस गंज धरलेलं लोखंड. तो काळा पट्टा म्हणजे जळकं लोखंड, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तीही काचच. रंगारी भिंतीला आधी अस्तर मारतो, तसं लोखंडाला मारलेलं हे काचेचं अस्तर. त्यात कोबाल्ट आणि निकेलचे ऑक्साइड असतात, म्हणून ते काळंनिळं दिसतं. ते नसेल तर वरची पांढरी काच लोखंडाला धरतच नाही, एका भाजणीत पापुद्र्यासारखी सुटून येते.

हा लेख नॉर्वेतल्या एका सोनार घराण्याच्या मिनाकामावर, म्हणजे धातूवर रंगीत काच भाजून चढवण्याच्या कामावर आहे. मिना आणि एनॅमल एकच. तरी सोनाराच्या लेखात लोखंडी थाळी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण विसाव्या शतकातल्या नॉर्वेच्या सर्वांत नामांकित सोनार बाईंचं नाव आज जगभर ज्या वस्तूमुळे घेतलं जातं, तो एनॅमलचा लोखंडी वाडगाच आहे. हाल्डेन गावाजवळच्या काथ्रिनेहोल्म कारखान्यात साठच्या दशकात हे वाडगे निघाले. जुन्या वस्तूंच्या बाजारात आज त्यांना चांगली किंमत येते आणि घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, टवका आहे का? वाडग्यांचे आकार ग्रेटे प्रिट्झ किट्टेल्सेन यांचे. जन्म १९१७, मृत्यू २०१०. घराण्यातली सोनारकामाची पाचवी पिढी.

नॉर्वेत सोनाराला गुलस्मेद म्हणतात. शब्दात सोनं असलं तरी हातात आयुष्यभर चांदीच येते. कोंग्सबर्गला १६२३ साली चांदी सापडली आणि तिथल्या खाणी सव्वातीनशे वर्षं चालल्या. तिथे दगडाच्या भेगांतून तारेसारखी वळलेली शुद्ध चांदी निघायची. तारेचं काम आवडणाऱ्या देशाला खाणीतूनच तारा मिळाव्यात, हा योगायोग मोठा गमतीचा. पारंपरिक पोशाखावर लावायचे जाळीचे, लोंबत्या चकत्यांचे आणि चालताना किणकिणणारे ब्रोच याच चांदीच्या परंपरेतले. या चांदीवर ८३०S असा ठसा असतो. म्हणजे हजारात ८३० भाग चांदी आणि बाकी मुख्यतः तांबं. मिनाकामाच्या जुन्या चमच्यांवर आणि ब्रोचवर मात्र बहुतेकदा ९३०S किंवा ९२५S दिसतं. यामागे श्रीमंतीचा तोरा नाही, भट्टीचं गणित आहे. चांदीत तांबं मिसळलं की मिश्रधातू ७७९ अंशांच्या आसपास आतून पाझरायला लागतो. ८३० च्या चांदीत तांबं इतकं असतं, की त्याच तापमानाला तिचा बराचसा भाग पातळ होतो. ९२५ ची चांदी सुमारे ८०० अंशांपर्यंत उभी राहते. मिन्याची काच वितळते ७५० ते ८०० अंशांत. म्हणजे सगळा खेळ या चिंचोळ्या फटीत चालतो. काच वितळायला हवी आणि चांदी वितळायला नको. डाव्या हाताला काच कच्ची राहते, उजव्या हाताला वाटी कोसळते.

याकोब टोस्ट्रुप (१८०६–१८९०) यांनी १८३२ साली ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, आपलं दुकान काढलं. ग्रेटेबाईंच्या घराण्याची पेढी ती हीच. त्यांच्या नातीशी लग्न करून घरात आलेले टोरोल्फ प्रिट्झ (१८५८–१९३८) मूळचे वास्तुविशारद. पेढी त्यांच्या हाती आली आणि एकोणिसावं शतक संपता संपता टोस्ट्रुपचं नाव खिडकीच्या मिन्यासाठी गाजू लागलं. फ्रेंच लोक त्याला प्लिक-आ-जूर म्हणतात. नॉर्वेजियन शब्दाचा अर्थ सरळ 'खिडकीचा मिना' असा आहे. आपल्याकडच्या मिनाकामात धातूला खोदून खळगे करतात आणि त्यात काच भरतात. खाली धातूचं बूड असतं. खिडकीच्या मिन्याला बूडच नसतं. तारेची चौकट, मधे नुसती काच आणि आरपार उजेड. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेजियन सोनारांनी हे काम मांडलं. त्याच सुमारास डेव्हिड-अँडरसन या दुसऱ्या मोठ्या पेढीत गुस्ताव गाउडरनाक हे काम करत होते. जन्माने बोहेमियाचे आणि नॉर्वेत आले ते काचेच्या वस्तूंची चित्रं काढायला. चांदीकडे ते नंतर वळले. मुळात काचेचाच माणूस या कामात पुढे यावा, यात नवल नाही.

खिडकीच्या मिन्याची वाटी कशी होते ते सांगायला हवं, कारण पुढे टोरोल्फ यांच्या नातीने, म्हणजे ग्रेटेबाईंनी, याच्या नेमकं उलट केलं.

चांदीची तार जंत्रीच्या भोकांतून ओढत ओढत अर्ध्या मिलिमीटरहून बारीक करतात. अशा दोन तारा एकमेकींना पिळ घालून रुळाखाली चपट्या करायच्या. अशी पट्टी उभी लावली की तिच्या काठावर बारीक दाण्यांची ओळ दिसते आणि दोन्ही बाजूंच्या खाचांत काच पकडून राहते. या पट्ट्या चिमट्याने वळवून पाकळ्या आणि पानं करतात आणि वाटीच्या आकाराच्या साच्यावर एकमेकींना टेकवून ठेवतात. झाळ, म्हणजे सांधे जोडणारा मिश्रधातू, कानशीने किसून टाकणखारात कालवलेली असते. ती सांध्यांवर भुरभुरतात आणि फुंकणीच्या ज्योतीने सगळं एकदम झाळतात. ही झाळ मिन्याच्या भट्टीत पुन्हा वितळता कामा नये, म्हणून ती चांदीच्या वितळण्याच्या अगदी जवळ वितळणारी लागते. तिच्यात जस्त जास्त असेल तर भट्टीत त्याची वाफ होते आणि काचेत काळे बुडबुडे उठतात. सांध्यावर झाळेचा गोळा राहिला तर तिथला रंग मळकट येतो. कमी पडली तर भट्टीत सांधा उघडतो. जाळी तयार होते तेव्हा अर्धं काम झालेलं असतं आणि ते अर्धं सोपं असतं.

मग काच. तिचे रंगीत खडे खलात पाण्याखाली कुटतात, बारीक साखरेएवढे होईपर्यंत. पाणी ओतून नवं घालायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं. पिठासारखी बारीक पूड वाहून जायला हवी, कारण ती राहिली तर काच धुरकट होते. पाणी नितळ दिसेपर्यंत हे चालतं आणि कंटाळा इथेच येतो. एक धुणं चुकवलं तर तो आळस भट्टीतून काढल्यावर समोर उभा राहतो आणि तेव्हा त्यावर इलाज नसतो.

काचेचा हा ओला रवा पिसाच्या टोकाने किंवा बारीक ब्रशने एकेका घरात ठेवतात. खाली काहीच नसताना तो पडत कसा नाही? पाण्यामुळे. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कडीत पडदा धरतो, तसं पाणी दाण्यांना तारांमधे धरून ठेवतं. म्हणून घर लहान लागतं, काही मिलिमीटरांचं. मोठ्या घरात रवा आपल्याच वजनाने गळतो. मग भट्टीच्या माथ्यावर ठेवून पूर्ण सुकवायचं. थोडी जरी ओल राहिली तर आत शिरल्या क्षणी वाफ होऊन रवा लाह्यांसारखा उडतो. भट्टीत मिनिट-दीड मिनिट. वितळलेली काच तारेकडे ओढली जाते आणि घराच्या मध्यात भोक राहतं. ते भरायचं, सुकवायचं, पुन्हा भट्टी. चार-पाच फेऱ्यांनंतर खिडकी बंद होते. दहा सेकंद जास्त ठेवलं तर काच लोंबते आणि खाली थेंब धरते. शेवटी पाण्याखाली दगडाने घासून पृष्ठभाग सपाट करतात आणि झटकन एक भट्टी देतात, चकाकी परत यायला.

शेकडो घरांची वाटी शेवटच्या भट्टीतून बाहेर येताना एखाद्या घरात टिक् असा आवाज झाला, की काम पुन्हा सुरू. इतका जीव टांगणीला लावणारा दुसरा धंदा सोनारकामात नसेल.

ग्रेटेबाई अशा वाट्या भोवती असलेल्या घरात वाढल्या. वडील याकोब प्रिट्झ (१८८६–१९६२) टोस्ट्रुपचे प्रमुख होते, शिवाय ओस्लोच्या सरकारी कला-हस्तकला शाळेत सोनारकाम शिकवायचे आणि पुढे शाळेचे प्रमुख झाले. वस्तूचा आकार तिच्या उपयोगातून यावा, असा त्यांचा आग्रह. पाकळ्या आणि वेलबुट्ट्यांचा जमाना त्यांच्यापुरता संपला होता. मुलीने त्याच शाळेत शिक्षण घेतलं आणि युद्ध संपल्यावर १९४५ पासून ती घरच्या पेढीत काम करू लागली. एक बारीक अडचण इथेच सांगून टाकतो. जुन्या कागदांत आणि लिलावांच्या याद्यांत त्या तीन नावांनी भेटतात. माहेरचं प्रिट्झ, वास्तुविशारद आर्ने कोर्समो यांच्याशी लग्न झाल्यावर कोर्समो, आणि पुढच्या लग्नानंतर प्रिट्झ किट्टेल्सेन. नॉर्डिक देशांतल्या डिझाइनरांसाठीच्या लुनिंग पुरस्काराच्या १९५२ च्या यादीत शोधायचं तर कोर्समो नावाने शोधावं लागतं.

आजोबांनी काचेला तारांच्या घरांत बसवलं होतं. नातीला तारा नको होत्या. तिला हवा होता अखंड रंग. बशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच निळा, मधे कुठे रेघ नाही. पाहणाऱ्याला हे सोपं वाटतं. नक्षी नाही, म्हणजे कामही नाही! पण तार ही नुसती नक्षी नसते. ती काचेचे तुकडे पाडते आणि लहान तुकड्यावर ताण थोडा येतो. तार काढली की सगळा ताण एका पत्र्यावर आणि एका काचेवर येतो. शिवाय नक्षीत दोष लपतात. कोऱ्या निळ्यात सुईच्या टोकाएवढा बुडबुडा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो.

चांदीच्या बशीवर पारदर्शक मिना चढवायचा, तर सुरुवात चांदी साफ करण्यापासून होते आणि ही सफाई चिंधीने होत नाही. ९२५ च्या चांदीतलं साडेसात टक्के तांबं तापल्यावर काळवंडतं आणि पृष्ठभागाखाली जांभळट डाग धरतं. वर पारदर्शक काच आली की तो डाग ढगासारखा कायमचा दिसत राहतो. म्हणून बशी तापवतात, पातळ गंधकाम्लात बुडवतात, धुतात, पुन्हा तापवतात. पाच-सहा वेळा. दर वेळी आम्ल वरचं तांबं खाऊन टाकतं आणि वर निव्वळ चांदीचा दुधी पापुद्रा उरतो. त्यावर बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलेल्या जागी काच पकडत नाही.

पारदर्शक रंगाखालची चांदी गुळगुळीत ठेवली तर रंग मुका दिसतो. म्हणून तिच्यावर आधी ओरखडे काढतात, यंत्राने आखीव किंवा हाताने मोकळे. ओरखड्याच्या उतारावर काच जाड बसते, माथ्यावर पातळ. एकाच निळ्याच्या दहा छटा होतात आणि बशी हलवली की त्या जागा बदलतात. रंगही चांदीशी सारखे वागत नाहीत. कोबाल्टचा निळा आणि तांब्याचा हिरवा गुणी. सोन्यापासून केलेला गुलाबी मात्र थेट चांदीवर ठेवला तर चांदी काचेत उतरते आणि गुलाबीचा पिवळट तपकिरी होतो. त्याच्याखाली आधी बिनरंगी काचेचा थर द्यावा लागतो. चांदीवरच्या जुन्या मिन्यात निळा-हिरवा इतका आणि लाल इतका कमी का, याचं निम्मं उत्तर आवडीनिवडीत नसून इथे आहे.

भट्टीच्या दारातून पाहत राहायचं असतं. आधी रवा काळवंडतो. मग साखरेसारखा चिकटतो. मग पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, आणि त्यानंतर काही सेकंदांत अचानक आरशासारखा. तेव्हाच काढायचं. घड्याळ लावून हे जमत नाही. बशीच्या जाडीप्रमाणे आणि दार किती वेळ उघडं राहिलं त्याप्रमाणे वेळ बदलते. संत्र्याच्या सालीवर काढली तर पुन्हा भाजता येते. जास्त झाली तर कडेची काच आकसून मागे सरते आणि कडेला काळी रेघ उमटते. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर चांगले, कारण जाड थर थंड होताना तडकतो.

थंड होणं, खरी गाठ तिथे आहे. काच ५०० अंशांच्या आसपास घट्ट होते. त्यापुढे ती आणि धातू एकमेकांना बांधलेले असतात आणि दोघंही आकसत असतात, पण सारखे नाही. ३० सेंटिमीटर व्यासाची चांदीची बशी ५०० वरून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे २.७ मिलिमीटर आकसते. तांब्याची सुमारे २.४. तिच्यावरची काच एकटी असती तर दीडच्या आतबाहेर आकसली असती. म्हणजे धातू काचेला मिठीत आवळत जातो. थोडं आवळणं हवंच असतं. काच दाबाला दणकट आणि ताणाला नाजूक, त्यामुळे किंचित आवळलेली काच जास्त टिकते. फार आवळली की कडेकडून सुटायला बघते. आणि काच धातूपेक्षा जास्त आकसली तर ती ताणली जाते आणि तिच्यावर केसासारख्या भेगा पडतात.

चांदी मऊ असल्याने स्वतः थोडी वाकून हा झगडा निभावून नेते. मात्र पत्रा पातळ असेल तर वाकणं डोळ्यांना दिसतं आणि बशीचा पापड होतो. यावर उपाय म्हणजे पाठीमागेही तेवढाच मिना देणं, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी. नाहीतर पत्रा जाड घेणं. जाड चांदी महाग. पाठीला मिना दिला तर भट्टीत बशी टेकवायची कशावर? टेकेल तिथे काच चिकटणार. लहान कर्णभूषणाला हे प्रश्न पडत नाहीत. मोठ्या बशीला ते सगळे एकदम पडतात, शिवाय कड आधी तापते आणि मध्य मागे राहतो. मध्याची साखर वितळायची वाट पाहावी तर कड जळते.

ग्रेटेबाई १९४९-५० मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिकेत होत्या. शिकागोच्या डिझाइनच्या संस्थेत त्यांनी वर्ष काढलं. परत आल्यावर ओस्लोत प्लानेतवाइन रस्त्यावर त्या दोघांचं घर १९५५ पर्यंत बांधून पूर्ण झालं. पोलादी चौकट आणि त्यात काच. त्या घराचा फोटो पाहिला की आजोबांची खिडकीची वाटी आठवते. पुरस्कारही याच वर्षांतले. १९५२ चं लुनिंग, १९५४ ला मिलानच्या त्रिवार्षिक प्रदर्शनात ग्राँ प्री. व्हेनिसजवळच्या मुरानोचे काच-कारखानदार पाओलो व्हेनिनी यांच्याकडून काच घेऊन त्यांनी चांदीत बसवली, तेही याच काळात. कोणाही सोनाराला पुरेल एवढं हे यश.

पण त्यांना स्वस्त वस्तू हव्या होत्या. युद्धानंतरच्या नॉर्वेत ही एकट्या त्यांची हौस नव्हती. चांगली वस्तू सगळ्यांच्या घरात जावी, हे त्या पिढीच्या डिझाइनरांचं जवळजवळ व्रतच होतं. बोलणारे पुष्कळ होते. ग्रेटेबाईंचं वेगळेपण असं, की त्या भट्टीपाशी जाऊन बसल्या. ओस्लोच्या औद्योगिक संशोधन संस्थेबरोबर त्यांनी मोठ्या पृष्ठभागांवरच्या मिन्याचे प्रयोग केले. एका सोनाराने धातुशास्त्रज्ञांना जाऊन विचारावं, की माझी काच इथे का सुटते, हे दृश्यच मला पदकांपेक्षा मोठं वाटतं. आधी तांबं, मग पोलाद.

इथे आकड्यांकडे पुन्हा पाहावं. तेवढ्याच, ३० सेंटिमीटरच्या पोलादी बशीचं आकसणं सुमारे १.७ मिलिमीटर. काचेच्या दीडच्या अगदी शेजारी! म्हणजे ज्या धातूकडे सोनार ढुंकून पाहत नाही, त्या लोखंडाचं काचेशी चांदीपेक्षा कितीतरी बरं जमतं. शिवाय ते १४०० अंशांपर्यंत वितळायचं नाव घेत नाही. चिंचोळी फट संपली, भट्टी निर्धास्त झाली. घराण्याच्या पाच पिढ्या ज्या दोन अडचणींशी झगडल्या, त्या दोन्ही लोखंडावर जवळजवळ नाहीशा होतात.

त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. लोखंडात कार्बन असतो. तापल्यावर तो ऑक्साइडातल्या ऑक्सिजनशी मिळून वायू होतो आणि काच उकळल्यासारखी फुगते. म्हणून एनॅमलसाठी अगदी कमी कार्बनचं पोलाद लागतं. दुसरी अडचण लबाड आहे. तापलेलं पोलाद ओलाव्यातला हायड्रोजन पिऊन घेतं. थंड झाल्यावर तो त्यात मावत नाही आणि बाहेर पडायला बघतो, पण वर काचेचं झाकण असतं. तो तिथे दाब धरून बसतो. भांडं कारखान्यात पास होतं, खोक्यात भरलं जातं आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, खोक्यातल्या खोक्यात टिक् टिक् आवाज करत अर्धचंद्राच्या आकाराचे बारीक तुकडे उडवतं. कारागीर या दोषाला माशाचे खवले म्हणतात. चांदीची वाटी निदान समोर तडकते.

कामाची पद्धतही बदलते. पिसाच्या टोकाने रवा ठेवण्याचा प्रश्नच नाही. काच दळून माती आणि पाण्याबरोबर तिचा सायीसारखा दाट पाक करतात. दाबून घडवलेला वाडगा आम्लात धुऊन त्यात बुडवतात, निथळवतात, सुकवतात. पहिल्यांदा कोबाल्टचं अस्तर, सुमारे ८३०–८५० अंशांना. मग रंगाचा थर, किंचित कमी तापमानाला. निथळताना पाक खालच्या कडेला जमतो आणि जिथे जमतो तिथे थर जाड होऊन पुढे टवका जातो. आणि धारदार कडेवर काच टिकतच नाही. वितळलेली काच धारेपासून मागे सरते, तिथला थर पातळ होतो आणि पहिल्या धक्क्याला उडतो.

म्हणून या वाडग्यांचा आकार नीट पाहावा. बुडापासून काठापर्यंत एकच सावकाश वळण. कुठेही कोपरा नाही, आतून नाही आणि बाहेरूनही नाही. कोपऱ्यात पाक साठतो आणि धारेवर तो पातळ होतो, दोन्हीकडून टवका. याला 'स्कँडिनेव्हियन साधेपणा' म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. त्यांतला किती साधेपणा डोळ्याने ठरवला आणि किती काचेने, हे वेगळं काढता येत नाही. चाळीस-पन्नास भाजण्या पाहिलेल्या हाताने काढलेली रेघ आहे ती. कागदावर सुंदर दिसणारा पण भट्टीत न टिकणारा आकार सोनाराच्या हातून सहसा निघत नाही.

आता कमळाची गोष्ट. काथ्रिनेहोल्मच्या ज्या वाडग्यांवर पाकळ्यांची रांग असते, ते सगळ्यांत प्रसिद्ध. ती नक्षी कारखान्याचे डिझाइनर आर्ने क्लाउसेन यांची. आकार बाईंचा, कमळ त्यांचं नाही. बाईंना ती नक्षी रुचली नव्हती आणि त्यांच्या बाकीच्या कामाकडे पाहिलं की त्यात आश्चर्य वाटत नाही. अखंड रंगासाठी तारा काढून टाकल्या, त्यासाठी चांदी सोडून लोखंडापर्यंत आल्या, आणि कारखान्याने त्या रंगावर पाकळ्या छापल्या. व्यापाराच्या दृष्टीने कारखान्याचं बरोबर होतं. कमळ खपलं. आजही इंटरनेटवर बाईंचं नाव शोधलं की आधी कमळच येतं. कोरा वाडगा, आत गडद रंग आणि बाहेर काही नाही, असा समोर आला तर मात्र थांबून पाहावं. तो त्यांच्या मनातल्या वाडग्याच्या जास्त जवळचा.

चांदीची अंगठी आणि लोखंडी वाडगा, दोन्हींचा टवका दुरुस्त होत नाही, पण कारणं वेगळी. अंगठी पुन्हा भट्टीत घालता येते, निदान तत्त्वतः. जुन्या काचेचं नेमकं मिश्रण ठाऊक नसतं, नवी काच तिच्याशी जुळेलच असं नाही, आणि पन्नास वर्षांत भेगेत शिरलेलं साबण-तेल भट्टीत जळून काळं पडतं. त्यामुळे प्रामाणिक कारागीर एक तर सगळा मिना उतरवून नव्याने चढवतो, म्हणजे मूळ वस्तू जाते. नाहीतर भट्टीच्या वाटेलाच न जाता त्या जागी रंगीत राळ भरतो. राळ दिसायला जवळची असते, पण नखाने दाबली तर मऊ लागते, आणि ती किती पिवळी पडेल ते उन्हावर अवलंबून. विकत घेताना सुईचं टोक हलकेच टेकवून पाहावं. काचेवर सुई घसरते, राळेत रुतते.

वाडग्याच्या टवक्यात पाणी शिरतं आणि गंज काचेखालून बाजूला पसरतो. त्यामुळे आजचा नखाएवढा टवका दोन वर्षांनी रुपयाएवढा होतो. धुतल्यावर वाडगा लगेच पुसून कोरडा करावा. भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये, कारण तिथला खार चकाकी खातो. तापलेला असताना गार पाण्याखाली धरू नये, आकसण्याचं सगळं गणित मघाशी सांगितलंच आहे. आणि काठावरून नख फिरवताना कुठे बारीक खरखर लागली, तर तिथे काच पातळ आहे असं समजून त्या बाजूने वाडगा उचलू नये.